घाई कुठे आणि धीर कुठे : गुडघा आणि खुब्याच्या ऑपरेशनविषयी

(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक गटापुढे एका फिजिओथेरपिस्ट भगिनींनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गुडघे आणि खुब्याचे ऑपरेशन हा विषय ठरला, तेव्हा सर्जनना न बोलावता मला का बोलावले, असा प्रश्न काहींना पडला असेल. मी फिजिओथेरपिस्ट आहे. सर्जनची आणि रुग्णाची गाठ ऑपरेशनच्या टेबलावर दीड-दोन तास पडते. माझी गाठ त्याआधी काही आठवडे आणि त्यानंतर दोन-तीन महिने असते. शिवाय ज्यांनी ऑपरेशन करायचे नाही असे ठरवले, तेही माझ्याकडेच येतात. त्यामुळे कोणाचे ऑपरेशन वेळेवर झाले, कोणाचे उगाच लवकर झाले आणि कोणाचे फार उशिरा झाले, हे मला बसल्या जागी दिसते.

इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलेली गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. जिथे घाई करायला हवी तिथे आपली माणसे थांबतात, आणि जिथे सहा महिने थांबले तरी काही बिघडत नाही तिथे घाई करतात. आजचे सगळे बोलणे या एका गोष्टीभोवतीच आहे.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण उखळीचा सांधा आणि बिजागरीचा सांधा शिकलो होतो, आठवते का? खुबा म्हणजे उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत फिरते. गुडघा साधारण बिजागरीसारखा. दोन्हीकडे हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, ज्याला आपण सर्रास "गादी" म्हणतो. ही गादी झिजली की हाडावर हाड घासते. इथपर्यंत दोन्ही सांधे सारखे. पण त्यांची दुखणी वेगळी आहेत आणि त्यांची घड्याळेही वेगळी आहेत.

पहिले घड्याळ तासांचे. घरातली वयस्क व्यक्ती बाथरूममध्ये पाय घसरून पडते, किंवा रात्री लाइट न लावता उठते आणि पायपुसण्यात पाय अडकतो. उठता येत नाही. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असते. असे दिसले तर खुब्याचे हाड मोडले आहे असे समजूनच चालावे. कधीकधी मोडलेले हाड एकमेकांत रुतून बसते. अशी आजी चक्क दोन पावले चालतेही, आणि घरचे म्हणतात, "चालली ना, म्हणजे फ्रॅक्चर नाही." तसे नसते. पडल्यानंतर जांघेत दुखत असेल तर एक्स-रे झालाच पाहिजे.

आता अशा वेळी घरात काय होते ते सांगते. कोणी तेल लावून चोळते. कोणी म्हणते, दोन दिवस झोपून राहू दे. आपल्या शहरात जागोजागी "पुत्तूर कट्टू"च्या पाट्या दिसतात. पुत्तूर हे आंध्रातले गाव हाडवैद्यांसाठी प्रसिद्ध आहे. हात मोडला तर तिथला लेप आणि बांबूच्या पट्ट्या लावणारे अनेक लोक मला भेटतात, त्यावर मी आज बोलत नाही. पण खुब्याचे हाड इतके आत, इतक्या मांसाखाली असते की त्याला बाहेरून कसलीच पट्टी धरून ठेवू शकत नाही. आणि सगळ्यात नेहमीचे वाक्य म्हणजे, "मुलगा अमेरिकेतून निघालाय, तो आला की ठरवू."

मुलाचे विमान येईपर्यंत दोन दिवस जातात. मग त्याला दुसरे मत हवे असते. आणखी दोन दिवस. तोवर आजी उताणी पडून आहे. पाठीला जखमा होऊ लागतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, लघवीचा संसर्ग होतो, रात्री ती असंबद्ध बोलायला लागते. जगभरच्या आकडेवारीत खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चार-पाचांतला एक जण वर्षभरात दगावतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे कारण मोडलेले हाड नसते, तर अंथरुण असते. म्हणून ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की रुग्ण दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन व्हावे. हृदयाची तपासणी, साखर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हे सगळे बघावे लागतेच. पण ते बघण्यातही घाई असावी.

"नव्वदीत कशाला चिरफाड?" हा प्रश्न प्रेमापोटी येतो, मला कळते. पण इथे ऑपरेशन चालायला लागावे एवढ्यासाठीच नसते. माणसाला बसवता यावे, कुशीवर वळवता यावे, बेडपॅन देताना त्याने किंचाळू नये, यासाठी असते. हाड नेमके कुठे मोडले त्यावर ठरते की रॉड आणि स्क्रू घालून जोडायचे, की गोळा काढून कृत्रिम गोळा बसवायचा. चेंडूच्या मानेपाशी मोडून हाड सरकले असेल तर त्या चेंडूचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. तो जोडला तरी जगेल याची खात्री नसते, म्हणून वृद्धांमध्ये तो बदलतात. दुसऱ्या दिवशी आम्ही अशा आजींना वॉकर धरून उभे करतो. नातेवाईक दारातून ओरडतात, "अहो, कालच ऑपरेशन झालंय!" हो, म्हणूनच उभे करतो.

तेव्हा घरी एवढे ठरवून ठेवा. पडलेल्या माणसाला ओढून उभे करायचे नाही. पाय आहे तसा उशांचा आधार देऊन ठेवायचा, १०८ ला फोन करायचा. आणि परदेशातल्या मुलांशी आजच, सगळे धडधाकट असताना बोलून ठेवायचे, की असे काही झाले तर इथे असलेल्या अमुक माणसाने सही करायची, तुमच्यासाठी थांबायचे नाही.

दुसरे घड्याळ आठवड्यांचे आहे, आणि ते तुमचे नाही, तुमच्या मुला-जावयांचे आहे. तीस-पस्तीस-चाळीसच्या वयात खुब्यातल्या चेंडूचा रक्तपुरवठा हळूहळू बंद पडतो आणि हाड आतून मरायला लागते. इंग्रजीत त्याला एव्हीएन म्हणतात. दारू हे एक मोठे कारण, आणि दुसरे म्हणजे जास्त प्रमाणात घेतलेली स्टेरॉइड्स. कोविडच्या साथीत अनेकांचे प्राण स्टेरॉइड्सनी वाचवले, हे विसरून चालणार नाही. पण २०२१ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात अशा तीन रुग्णांची नोंद केली, ज्यांना कोविड झाल्यापासून सरासरी दोनच महिन्यांत खुब्याचा हा त्रास सुरू झाला होता. सर्वसाधारणपणे स्टेरॉइड्सनंतर याला बराच जास्त काळ लागतो, म्हणून ती नोंद महत्त्वाची.

या दुखण्याची गंमत, म्हणजे गंमत कसली, फसवणूकच, अशी की ते खुब्यात दुखत नाही. जांघेत दुखते, मांडीच्या पुढच्या बाजूला दुखते, आणि पुष्कळदा गुडघ्यात दुखते. कारण दोन्ही सांध्यांकडे जाणाऱ्या नसा एकाच घराण्यातल्या. माझ्याकडे वर्ष-वर्ष गुडघ्याला शेक आणि पट्टा लावून आलेले तरुण येतात. गुडघ्याचा एक्स-रे अगदी स्वच्छ. त्यांना मी टेबलावर झोपवते, गुडघा वाकवते आणि मांडी आतल्या बाजूला फिरवते. ते कळवळतात. म्हणजे दुखणे वरच्या मजल्यावर आहे. आपण म्हणतो, "मांडी घालून बसता येत नाही", आणि इथल्या कन्नड नर्सताई गुडघ्याकडे बघतात, कारण कन्नडमध्ये "मंडि" म्हणजे गुडघा! या एका शब्दाने हसायला येते, पण खुब्याच्या रुग्णाची पहिली तक्रार खरोखर हीच असते: मांडी घालता येत नाही आणि पायात मोजा घालायला वाकता येत नाही.

सुरुवातीच्या काळात साध्या एक्स-रेमध्ये हे दिसत नाही, एमआरआय करावा लागतो. चेंडूचा आकार अजून गोल असेल, तर औषधे किंवा हाडाला छोटे छिद्र पाडून आतला दाब कमी करणे असे काही उपाय करता येतात. ते सगळ्यांना लागू पडतात असे नाही. पण चेंडू एकदा चेपला की ती संधी गेली. मग खुबा बदलणे हाच रस्ता उरतो, आणि पस्तिशीत बदललेला खुबा आयुष्यात पुन्हा एकदा तरी बदलावा लागण्याची शक्यता असते. म्हणून तरुण माणसाची जांघ महिनाभर दुखत असेल तर पेनकिलरवर ढकलू नका.

आता गुडघा. समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक त्यासाठीच आलेत, हे मला माहीत आहे. इथे घड्याळ वर्षांचे आहे, आणि नेमकी इथेच सगळी घाई चालते. मोफत तपासणीचे शिबिर, एक्स-रे, "गॅप संपलाय, दोन्ही गुडघे लगेच करून घ्या, या महिन्यात सवलत आहे." एक्स-रे बघून गुडघ्याचे ऑपरेशन ठरत नाही, हे मी अगदी ठामपणे सांगते. एक्स-रे फार वाईट असूनही रोज लालबागेला फेरी मारून येणारे आजोबा मी पाहिलेत. तुमचा दिवस कसा जातो त्यावरून ठरते. रात्री दुखण्याने जाग येते का? गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाणे सोडले का? लग्नकार्याला जायचे टाळता का? व्यायाम, वजन आणि औषधे हे सगळे प्रामाणिकपणे करूनही हे चालू असेल, तर ऑपरेशनचा विचार करायची वेळ आली.

प्रामाणिकपणे हा शब्द मुद्दाम वापरला. डेन्मार्कमध्ये एक चांगला अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. गुडघा बदलण्यास योग्य अशा शंभर रुग्णांचे दोन गट केले. पन्नास जणांचे ऑपरेशन झाले आणि वर व्यायामही दिला. पन्नास जणांना बारा आठवडे देखरेखीखाली व्यायाम, आहाराचा सल्ला, बुटातले सोल आणि लागेल तसे वेदनाशामक एवढेच दिले. वर्षानंतर ऑपरेशनवाल्यांचा आराम जास्त होता, यात शंका नाही. पण त्यांच्यात गंभीर गुंतागुंतीही जास्त झाल्या. आणि दुसऱ्या गटातल्या पन्नासपैकी फक्त तेरा जणांनी त्या वर्षात ऑपरेशन करून घेतले. उरलेल्या सदतीस जणांचे त्या वर्षी तरी भागले. म्हणजे ऑपरेशन हे चांगले हत्यार आहे, पण ते म्यानात ठेवून आधी बारा आठवडे काम करून बघता येते.

बारा आठवड्यांचे काम म्हणजे काय? मांडीच्या पुढच्या स्नायूला बळ देणे. पलंगावर पाय सरळ सोडून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. पाच आकडे मोजा, सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसरा व्यायाम, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे आणि बसणे. जमत नसेल तर आधी खुर्चीवर जाड उशी ठेवा. हे इतके साधे आहे की लोकांना त्याची किंमत वाटत नाही. पाच हजारांचे इंजेक्शन औषध वाटते, टॉवेलची गुंडाळी औषध वाटत नाही! वजनाचे गणितही लक्षात ठेवा: शरीराचे एक किलो उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो. झिजलेल्या गुडघ्यांनी वज्रासनाचा हट्ट मात्र धरू नये. बाकी योगासने शिक्षकाला गुडघा दाखवून करा.

जे उपाय पैसे खातात त्यांच्याबद्दलही बोलते. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या: २००६ मध्ये अमेरिकेत जवळजवळ सोळाशे रुग्णांवर तपासल्या, एकंदरीत त्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. दुर्बिणीतून गुडघा "धुऊन" घेणे: अमेरिकेत ह्यूस्टनला १८० रुग्णांवर प्रयोग झाला, काहींचा गुडघा खरोखर धुतला आणि काहींना नुसते वरवर चिरे देऊन टाके घातले. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत काही फरक नव्हता. हा अभ्यास २००२ चा आहे, तरी केवळ झिजेसाठी गुडघा धुण्याचा सल्ला मिळालेले लोक अजून माझ्याकडे येतात. स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देते, लग्न किंवा प्रवास पार पाडायला उपयोगी, पुन:पुन्हा नको. गादी नव्याने उगवते असे सांगून विकली जाणारी स्टेम सेलची पॅकेजेस घेण्याइतका पुरावा अजून नाही. आणि रोजच्या पेनकिलर गोळ्या बीपी आणि किडनीवाल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. त्यापेक्षा वरून लावायचा जेल बरा.

पण धीर धरायचा म्हणजे पाय धनुष्यासारखे वाकडे होईपर्यंत, गुडघा सरळ होईनासा होईपर्यंत थांबायचे असेही नाही. आपल्याकडच्या बायका हेच करतात. घरातल्या सगळ्यांची ऑपरेशने होतात, हिचे "पुढच्या वर्षी". ऑपरेशनआधी गुडघा जितका वाकतो, त्यावर नंतर किती वाकणार हे बरेचसे ठरते. स्नायू पार वाळून गेल्यावर आलेल्या रुग्णाला चालायला शिकवणे माझ्यासाठी फार कठीण जाते, तिच्यासाठी त्याहून कठीण.

गुडघा बदलतात म्हणजे काय, याविषयी भलत्या कल्पना आहेत. पूर्ण सांधा काढून दुसरा बसवत नाहीत. दाताला टोपी बसवतात तसे आहे. हाडांच्या टोकांवरचा काही मिलिमीटर खराब थर कापतात, वर धातूचे कवच, खाली धातूची तबकडी आणि मधे प्लास्टिकची गादी बसवतात. एकाच बाजूची गादी झिजली असेल तर अर्धा गुडघाही बदलता येतो. वय कमी असेल आणि पाय वाकडा असेल तर हाडाचा कोन सुधारून सांधा तसाच ठेवता येतो. हे पर्याय सर्जनना आवर्जून विचारा.

भारतात हे ऑपरेशन घराघरात माहीत झाले ते पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींमुळे. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचा डावा गुडघा बदलला. सर्जन होते न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत, मूळचे मध्य प्रदेशातले आणि इंदूरला शिकलेले. उजवा गुडघा बदलला तो जून २००१ मध्ये, आणि जुलैच्या मध्यावर वाजपेयी आग्र्याला मुशर्रफ यांच्याशी बोलणी करत होते. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे देशाच्या पंतप्रधानांचेही दोन गुडघे एकाच दिवशी केले नाहीत, मधे आठ महिने गेले. एकाच वेळी दोन्ही करणे चूक आहे असे नाही, हृदय आणि फुप्फुसे उत्तम असतील तर करतातही. एकच भूल, एकच मुक्काम, खर्च थोडा कमी. पण शरीरावर ताण जास्त येतो. सत्तरीपुढच्या आणि हृदयविकार असलेल्या माणसाने सवलतीच्या पॅकेजसाठी ते करू नये.

आता इम्प्लांटबद्दल. खुब्याचे आजचे ऑपरेशन सर जॉन चार्नली या इंग्रज सर्जननी घडवले. आधी त्यांनी टेफ्लॉनची वाटी वापरली, ती झिजून शेकडो रुग्णांची ऑपरेशने वाया गेली. मग १९६२ मध्ये ते पॉलिएथिलीनकडे वळले आणि तेच टिकले. पण नव्याचा मोह संपत नाही. धातूच्या वाटीत धातूचा चेंडू असलेला डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा खुबा बाजारात आला. त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम शरीरात उतरू लागले, आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. भारतात असे सुमारे ४,७०० खुबे बसवले गेले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हे प्रकरण लावून धरले. केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीनंतर २०१८ मध्ये ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत भरपाईचे सूत्र ठरले. पण तोवर सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. आपल्या शरीरात कोणत्या कंपनीचा सांधा आहे हेच पुष्कळांना माहीत नसावे.

म्हणून डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, मॉडेल आणि बॅच नंबर असतो. ते घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा आणि त्याचा फोटो मुलांना पाठवा. बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट क्रोमियमच्या गुडघ्याची सरासरी छापील किंमत तेव्हा दीड लाखाच्या वर होती, ती ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी झाली. मधल्या काळात या मर्यादेत थोडेफार फेरफार झाले, म्हणून ऑपरेशन ठरेल तेव्हाचा आकडा विचारून घ्या. रोबोट वापरला तर कापणी अधिक अचूक होते, हे खरे. पण त्यामुळे दहा-वीस वर्षांनंतरचा निकाल चांगला लागतो असे अजून सिद्ध झालेले नाही. तेव्हा जास्तीचे पैसे रोबोटला द्यायचे की घरी येणाऱ्या फिजिओला, हे तुम्ही ठरवा. (मी फिजिओ आहे, हे लक्षात ठेवून माझे मत घ्या!)

टिकतो किती? २०१९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात मोठ्या नोंदवह्यांवरून हिशेब आला: शंभरातले सुमारे ८२ गुडघे आणि ५८ खुबे पंचवीस वर्षे टिकले होते. हे पंचवीस वर्षांपूर्वीचे सांधे, आजचे प्लास्टिक त्याहून चांगले आहे. दुसरी बाजूही ऐका. खुबा बदललेले बहुतेक लोक काही महिन्यांत म्हणतात, "यात सांधा बदललाय हेच विसरलो." गुडघ्याचे तसे नाही. साधारण पाचांतला एक जण पूर्ण समाधानी नसतो, काहीतरी दुखत राहते. शंभरात एक-दोघांना जंतुसंसर्ग होतो आणि तो फार त्रासदायक असतो. त्यासाठी साखर आटोक्यात आणा, किडलेला दात किंवा पायाची जखम आधी बरी करा.

आणि ऑपरेशननंतरचे सहा आठवडे. पहिले पंधरा दिवस गुडघा सुजतो, गरम लागतो, रात्री झोप येत नाही. याच दिवसांत आम्ही तो वाकवायला लावतो आणि शिव्या खातो. या दिवसांत घाबरून पाय उशीवर वाकवून ठेवला, की गुडघा कायमचा थोडा वाकडा राहतो. उशी गुडघ्याखाली ठेवायची नाही, घोट्याखाली ठेवायची. घरात कमोड, न सरकणारी उंच खुर्ची, बाथरूममध्ये धरायला दांडी आणि उचललेली पायपुसणी हे ऑपरेशनच्या आधी तयार हवे. खुबा बदलला असेल तर सुरुवातीचे काही आठवडे खाली वाकून वस्तू उचलणे, पायावर पाय टाकणे आणि बुटक्या सोफ्यावर बसणे टाळायचे, नाहीतर चेंडू वाटीतून निसटू शकतो. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचे.

वेळ संपत आली. काही चिठ्ठ्या आल्या आहेत.

"वयाची मर्यादा किती?" वरची मर्यादा नाही, ऐंशी ओलांडलेल्यांचेही चांगले होते. हृदय, साखर आणि इच्छाशक्ती बघतात. खालच्या बाजूला मात्र साठीच्या आत गुडघा बदलताना जरा जास्त विचार करावा.

"पुढच्या गणपतीला मोदक करायला खाली बसता येईल का?" या काकूंनी नाव लिहिलेले नाही, पण अक्षर बाईचे आहे. भारतीय माणसाला गुडघा जास्त वाकवावा लागतो. हे लक्षात घेऊन पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी आपल्याकडच्या गरजांसाठी आणि कमी खर्चाचा "इंडस" गुडघा तयार केला होता. आज अनेक कंपन्यांचे जास्त वाकणारे गुडघे मिळतात, आणि काही जण मांडी घालतातही. पण रोज खाली बसून उठल्याने प्लास्टिकवर ताण येतो, म्हणून आम्ही नको म्हणतो. मोदक टेबलावर ठेवून, खुर्चीवर बसून करा. कळ्या तितक्याच येतात.

"काठी कोणत्या हातात धरावी?" फार चांगला प्रश्न, कारण दहातले सात जण चुकीच्या हातात धरून येतात. उजवा गुडघा किंवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. दुखरा पाय आणि काठी एकाच वेळी पुढे टाकायची, म्हणजे भार दोघांत वाटला जातो. उंची अशी की बूट-चपला घालून, हात सरळ खाली सोडला की काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. तळाचे रबर झिजले असेल तर बदला, दहा-वीस रुपयांत मिळते. ज्यांच्याकडे आज काठी आहे त्यांनी जाताना दाराशी थांबावे, मी प्रत्येकाची उंची बघून देते.